अप, डाऊन आणि मधले उतारू

कोणत्याही खात्याची भाषा त्या खात्याच्या गरजेतून जन्मास येते, हे मान्य करूनही, रेल्वे खात्याने आपल्या स्थानकांना जी नावे, जे प्रत्यय आणि ज्या पदव्या बहाल केल्या आहेत त्या वाचताना असे वाटल्यावाचून राहत नाही की, हा सारा नामकरणविधी इंजिनाच्या पायरीवर उभे राहून उरकण्यात आला असावा. डोक्यावर वळकटी, एका हातात पोराचे मनगट आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या अशा अवस्थेत फलाटावर पाऊल टाकणाऱ्या मनुष्याचा विचार त्यात कोणी केलेला दिसत नाही. गाडी कोठून वळते, कोठे थांबते, कोठे तिला पुढे वाटच उरत नाही, हे त्या शब्दांतून बिनचूक कळते. आपण कोठे येऊन पडलो आहोत, हे मात्र विचारावे लागते.

‘रोड’ हा प्रत्यय घ्या. रूळ टाकताना इंग्रज अभियंत्यांनी गावे पाहिली नाहीत. त्यांनी चढउतार पाहिले, नद्यांची पात्रे पाहिली आणि विलायतेतील भागधारकांच्या खिशाचा अंदाज घेतला. त्यामुळे वाटेत जे गाव आले ते स्टेशनास पात्र ठरले, आणि जे चार-दोन कोस बाजूस राहिले त्याच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडून, ‘येथून त्या गावास रस्ता जातो, पुढचे तुमचे तुम्ही पाहा,’ अशी जणू फारखत लिहून देण्यात आली. गोदावरीकाठचे नाशिक आणि ‘नाशिक रोड’ यांच्यामध्ये आठ-नऊ किलोमीटरांचे अंतर आहे. सिंहस्थाला निघालेला यात्रेकरू पाटीवरचे पहिले नाव वाचून भक्तिभावाने हात जोडतो, आणि दुसरे वाचून पाकीट चाचपतो. एके काळी या दोन ठिकाणांच्या दरम्यान ट्राम धावत असे; पुढे ट्राम गेली, रोड राहिला. परंतु काळाचे न्यायदान काही वेगळेच असते. १९२५ साली सरकारने आपला इंडिया सिक्युरिटी प्रेस याच नाशिक रोडला उभारला, १९२८ साली शेजारी नोटांचा छापखाना आला, त्यामागोमाग चाळी आल्या, बाजारपेठ आली, शाळा आल्या, आणि आज तेथला रहिवासी आपला पत्ता सांगताना ‘नाशिकरोड’ असे अखंड एका दमात उच्चारतो. नाशिकला जायचे असले की तो ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. गावाला जाणारा रस्ता स्वतःच गाव होऊन बसल्याचे याहून भरभक्कम उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, कारण ते सरकारी कागदावर छापलेल्या नोटांनी सिद्ध झालेले आहे.

मुंबईत हाच प्रत्यय अगदी निराळ्या अर्थाने नांदतो, आणि येथे परगावचा मनुष्य फसतो. वसई रोडला उतरल्यास वसईला जाता येते, डहाणू रोडला उतरल्यास डहाणूला. पण याच न्यायाने ग्रँट रोडला उतरून कोणी ग्रँटकडे जाऊ म्हणेल तर त्यास फार उशीर झालेला आहे. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ सालीच वारले. ते वारले पुण्याजवळ दापोडीस. दापोडीलाही आज स्टेशन आहे, परंतु त्या स्टेशनास ग्रँटसाहेबांचा विसर पडलेला असून, मृत्यूचे ठिकाण सोडून त्यांचे स्मरण शंभराहून अधिक मैलांवर लोकलच्या गर्दीत चाललेले असते. सँडहर्स्ट रोड, रे रोड ही मंडळी त्यांच्याच पंक्तीतली. येथे रोड म्हणजे त्या गावाकडे जाणारा रस्ता नव्हे, लाटसाहेबांच्या नावाची सडक. पुढे सडकांची नावे बदलली, ग्रँटची मौलाना शौकत अलींकडे गेली, सँडहर्स्टची सरदार पटेलांकडे. स्टेशने मात्र जुन्या धन्याचे नाव राखून इमानाने उभी राहिली. चर्चगेटला दरवाजा नाही. तो किल्ल्याच्या तटाबरोबर गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात पाडला गेला. मरीन लाइन्समधल्या लाइन्स रुळांच्या नव्हेत, पलटणीच्या बराकींच्या. कॉटन ग्रीनला उतरून हिरवळ शोधणाऱ्या मनुष्याविषयी मला आदर आहे, पण आशा नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णत्वास गेली तेव्हा इंग्रज जाऊन पन्नास वर्षे उलटली होती, आणि तरीही ‘रोड’ हा शब्द त्याच दिमाखाने कोकणात उतरला. राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, ही नावे एका ओळीत वाचली म्हणजे ही रेल्वे आहे की सार्वजनिक बांधकाम खाते, असा संशय येतो. दोष कोणाचा नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याची खडकाळ भूमी, तीत खोदलेले बोगदे आणि त्यांच्यामधून सापडेल तसा साधलेला सपाट तुकडा, तेथे स्टेशन. गाव खाडीच्या काठाला, आपल्या जागी. परंतु पहाटेच्या अंधारात राजापूर रोडला उतरलेल्या चाकरमान्यास भूगर्भशास्त्र सांगून उपयोग नसतो. मुंबईहून आणलेली तीन बोचकी, झोपेतून उठवलेली दोन मुले आणि ‘मी म्हणत होते, एसटीने जाऊ’ असे डोळ्यांनी म्हणणारी पत्नी, इतक्या परिवारासह तो डांबराच्या चढावर उभा असतो, समोर दोन-चार रिक्षा दिवे विझवून निजलेल्या असतात, आणि तो त्यांतल्या एकीच्या टपावर हलकेच थाप मारून विचारतो, “काय हो दादा, गाव किती लांब?” आतून, अंगावरची चादर न काढता, उत्तर येते, “लांब नाय हो, ह्ये काय!” कोकणातले ‘ह्ये काय’ हे अंतराचे अधिकृत माप नसले तरी भाडे त्यावरूनच ठरते. रिक्षा सुरू झाल्यानंतर पहिली वळणे अंधारात जातात, पुढची तांबड्या उजेडात, आणि गावाची कौले दिसू लागतात तेव्हा सूर्य व्यवस्थित वर आलेला असतो. ‘रोड’ या दोन अक्षरांत किती डांबर मावते, याची कल्पना मला त्या मार्गाने एकदा गेल्यावर आली. त्यातल्या त्यात सिंधुदुर्ग स्टेशनाने ‘रोड’ लावण्याचे सौजन्यही दाखवलेले नाही. ते ओरोसला आहे. किल्ला मालवणच्या समुद्रात आहे. किल्ला पाहण्याच्या ओढीने जो तेथे उतरतो त्यास प्रथम पुष्कळ जमीन पाहावी लागते.

कित्येक ठिकाणी तर नावाची ही अदलाबदल इतकी गुंतागुंतीची झालेली आहे की, तिच्यापुढे वतनाचे दावे सोपे वाटावेत. श्रीरामपूरला जाणाऱ्यास बेलापूरचे तिकीट काढावे लागते, कारण श्रीरामपूर वसण्यापूर्वी स्टेशन होते आणि त्यास जवळच्या जुन्या बेलापूरचे नाव होते. हे ठाऊक नसलेला पाहुणा नवी मुंबईच्या बेलापुरात उतरला तर त्यास दोष कोणी द्यावा? सातारा जिल्ह्यात वाठार स्टेशन नावाचे गाव आहे. गाव, बरे का, स्टेशन नव्हे. स्टेशनाच्या पाटीवर नुसते ‘वाठार’ एवढेच लिहिलेले असून, ‘स्टेशन’ ही उपाधी तेथल्या गावाने लावून घेतली आहे. म्हणजे वाठार स्टेशनच्या स्टेशनाचे नाव वाठार. तेथल्या मंडळींना यात काहीच वावगे वाटत नाही. ते आपल्या पत्रांवर हे नाव वर्षानुवर्षे लिहीत आलेले आहेत आणि ती पत्रे बिनतक्रार पोचतात. आणि गोव्यात तर, आयुष्यभर जहाजाखेरीज ज्यास दुसरे वाहन माहीत नव्हते त्या वास्को-द-गामाच्या नावाने रेल्वेचे शेवटचे स्थानक आहे. अर्थात गोंयकार त्यास ‘वास्को’ एवढेच म्हणतो. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा हिशेब त्याने दोन अक्षरांत चुकता केला.

‘जंक्शन’ या पदवीची गोष्ट निराळी. येथे नावात प्रौढी आहे. मनमाड, भुसावळ, दौंड, कुर्डुवाडी, मिरज, बडनेरा, ही गावे नकाशावर तालुक्याची किंवा त्याहूनही लहान असली तरी जंक्शन या एका शब्दाने त्यांस जिल्ह्यांहून मोठी प्रतिष्ठा दिली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील असा सुशिक्षित मनुष्य सापडणे कठीण होते की ज्याने आयुष्याची एक तरी रात्र मनमाडच्या बाकावर काढलेली नाही. मिरज हे त्या बाबतीत सम्राट. एका काळी तेथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र नांदत. मोठ्या गाडीतून उतरायचे, मधल्या गाडीची चौकशी करायची आणि धाकट्या गाडीत बसायचे, असा तो त्रिस्थळी यात्रेचा प्रकार होता. त्यांतली धाकटी, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या अभियंत्याने १८९७ साली सुरू केली. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते, आणि तीत समोरासमोर बसलेल्या दोन पोक्त गृहस्थांच्या गुडघ्यांची ओळख गृहस्थांच्या आधी होत असे. तिच्या उगमाच्या स्टेशनास ‘बार्शी रोड’ म्हणत; पुढे ते कुर्डुवाडी झाले. एका रोडाने तरी आपले खरे नाव परत मिळविले, याचा आनंद मानावयास हरकत नाही.

पण पदवी मिळाली म्हणजे ती टिकविण्याचे कारण टिकलेच पाहिजे, असा शिरस्ता नाही. वऱ्हाडातील मूर्तिजापूर जंक्शनवरून एका बाजूस अचलपूर आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळ अशा दोन चिमुकल्या फाट्यांवर ‘शकुंतला’ नावाची गाडी जात असे. शकुंतला थांबली, रुळांत गवत उगवले, जंक्शन मात्र पाटीवर कायम आहे. विद्यापीठाच्या पदव्यांची स्थिती पाहता याविषयी फार खेद मानण्याचे कारण नाही. मराठी माणसाने मात्र या शब्दाचे सोने केले: एखादी मिसळ, एखादा पैलवान, एखादा वग त्याच्या पसंतीस पूर्णपणे उतरला की तो मांडीवर थाप मारून म्हणतो, ‘एकदम जंक्शन!’ तीन दिशांचे रूळ एका ठिकाणी मिळतात या कोरड्या तांत्रिक व्याख्येत केवढे रसग्रहण दडलेले होते, हे रेल्वेच्या एकाही साहेबास सुचले नव्हते.

‘टर्मिनस’ आणि ‘सेंट्रल’ यांविषयी मुंबईकराशी वाद घालू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. मुंबई सेंट्रल हे स्टेशन १९३० साली उघडले. वास्तुकार क्लॉड बॅटली. आणि त्याचे नाव सेंट्रल असले तरी ते सेंट्रल रेल्वेवर नसून वेस्टर्न रेल्वेवर आहे. नागपूरहून मध्य रेल्वेने आलेला पाहुणा ‘मी सेंट्रलला उतरतो’ असे कळवतो, यजमान मुंबई सेंट्रलला जाऊन उभा राहतो, पाहुणा बोरीबंदरला उतरून यजमानाच्या नावाने बोटे मोडतो, आणि दोघेही शब्दशः खरे बोललेले असतात. बोरीबंदर म्हणताना माझे वय उघडे पडते, याची मला जाणीव आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये ठाण्याला पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून. पुढे फ्रेडरिक स्टीव्हन्सने त्या जागी जे भव्य मंदिर बांधले त्यास १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळाले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा आदरार्थी शब्द समाविष्ट करण्यात आला. आमच्या आजोबांचे ते बोरीबंदर, वडिलांचे व्हीटी, आमच्या धाकट्या भावाचे सीएसटी आणि पुतण्याचे सीएसएमटी. एकाच घरातली चार माणसे एकाच इमारतीला चार नावांनी जातात आणि सुदैवाने एकाच ठिकाणी पोचतात. ज्या नावाच्या आदरासाठी एवढी दुरुस्ती झाली ते संपूर्ण उच्चारण्यास मात्र आठ चव्वेचाळीसची लोकल पकडणाऱ्यास सवड नसते. आदर व्यक्त करण्यासाठी नाव लांबवावे आणि ते लांबले म्हणून लोकांनी त्याची चार इंग्रजी अक्षरे करावीत, हा उलटा न्याय या शहरासच साधतो.

दादरची अडचण नावाची नव्हे, आकड्यांची होती. तेथे दोन रेल्वे शेजारी शेजारी नांदतात, आणि दोघींनी आपापले फलाट एकपासून मोजले होते. ‘दादरला, एक नंबरवर भेटू’ असे ठरवून कित्येक विवाहेच्छू तरुणतरुणी पुलाच्या दोन टोकांना तासतासभर उभी राहिली असतील, आणि कित्येक संसार त्या गैरसमजात वाचले असतील, याची नोंद कोठल्याच दफ्तरात नाही. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये खात्याने मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक दिले. आता एक नंबर एकच आहे, आणि उशिरा येणाऱ्यास सबब उरलेली नाही.

परंतु खात्याच्या शब्दकोशातील मुकुटमणी म्हणजे ‘अप’ आणि ‘डाऊन’. मुख्यालयाकडे, म्हणजे आपल्याकडे मुंबईकडे, जाणारी गाडी ती अप, आणि मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन, असा मध्य रेल्वेचा दंडक. आता भूगोलाने काय केले आहे पाहा. मुंबई समुद्रकाठी, पुणे घाटमाथ्यावर. म्हणजे कर्जतहून बोरघाट धापा टाकत चढणारी गाडी ही डाऊन, आणि खंडाळ्याहून ब्रेक दाबत, जपून, घरंगळत खाली येणारी ती अप. १९३० सालापासून धावणारी दख्खनची राणी रोज सकाळी ‘वर’ जाण्यासाठी घाट उतरते आणि संध्याकाळी ‘खाली’ येण्यासाठी तो चढते. पुणेकराने हे गेली कित्येक दशके शांतपणे सोसले आहे, ही त्याच्या स्वभावाचा विचार करता आश्चर्याची गोष्ट होय. ज्या दिवशी सदाशिव पेठेच्या हे पूर्णपणे लक्षात येईल त्या दिवशी खात्याच्या टपालात भर पडेल. घाटाचा चढ सदतिसास एक असा आहे, आणि एवढ्या चढावर गाडी एकट्या इंजिनाने ढळत नाही म्हणून कर्जतला मागून जोडइंजिने लावावी लागतात. ती लावीपर्यंत गाडी थांबते. गाडी थांबते म्हणून उतारू उतरतो, आणि उतारू उतरतो म्हणून कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला. त्या वड्याचे श्रेय आचाऱ्याला दिले जाते ते दिले जावो. परंतु निम्मे श्रेय सदतिसास एक या प्रमाणाचे आहे, आणि जमीन सपाट असती तर महाराष्ट्र एका थोर पदार्थास मुकला असता.

स्थानकांच्या प्रतवारीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती प्रवाशासाठी नाहीच. पूर्वी ए, बी, सी अशी इंग्रजी वर्णमाला होती. २०१७ सालापासून बिगरउपनगरी सहा, उपनगरी तीन आणि हॉल्ट तीन, अशा बारा श्रेणी झाल्या. बारा ही संख्या बलुतेदारीच्या मुलखात फार दिवस आवडती आहे. या बलुत्यात सर्वांत शेवटी बसतो तो हॉल्ट. तेथे स्टेशनमास्तर नसतो, सिग्नल नसतो. कमिशनवर तिकिटे विकणारा एक मक्तेदार असतो, आणि गाडी येण्याच्या वेळेस तो तिकिटाची पेटी घेऊन येतो. हॉल्टवर गाडी मिनिटभर थांबते. त्या मिनिटात चढायचे, उतरायचे, म्हातारीला ढकलायचे आणि कोंबड्या मोजायच्या. श्रेणी बदलून सुख कितपत मिळते याविषयी मी जरा साशंक आहे, याचे कारण १९७४ साल. त्या साली सरकारने रेल्वेचा तिसरा वर्ग रद्द केला. आदल्या दिवशी जे तिसऱ्या वर्गात बसले होते ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गाचे प्रवासी झाले; बाक तेच होते, ढेकूणही.

हुद्द्यांच्या बाबतीतही खात्याचा हात सढळ आहे. हमाल हा अरबी मुळाचा, फारशी दप्तरातून आलेला आणि आपल्याकडे पुरता मुरलेला शब्द. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात त्याचा ‘सहायक’ झाला. फलाटावर ‘ओ हमाल!’ अशी हाक मारली की लाल सदऱ्यातला एक मनुष्य वळून पाहतो, ‘ओ सहायक!’ अशी मारून पाहावी, मंत्रालयातून सुटीवर निघालेले पाच-सहा गृहस्थ वळतील. २०२२ साली गार्डाचा ट्रेन मॅनेजर झाला. हिरवा झेंडा तोच, शिट्टी तीच. सामान ठेवण्याच्या खोलीवर मात्र ‘अमानती सामान घर’ ही जुनी पाटी पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, आणि मला ती आवडते. अमानत या शब्दात जो विश्वास आहे तो क्लोकरूममध्ये नाही, जरी कुलूप आपल्यालाच न्यावे लागत असले तरी. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी रेल्वेला लोहमार्ग म्हटले. लोकांनी तो शब्द नम्रपणे ऐकून पोलिसांकडे सुपूर्द केला. आणि त्यामुळे ठाण्याच्या फलाटावर ‘ठाणे लोहमार्ग पोलीस ठाणे’ असा एक भव्य मजकूर निर्माण झाला, जो भरधाव लोकलमधून वाचणाऱ्यास आपण गोल फिरत आहोत असे वाटते.

आता खाते आणि लोक यांची तुलना करायचीच झाली तर ती क्रियापदांत करावी. गाडी दोन तास ओढ्याकाठी बाभळीखाली निश्चल उभी असते, उतारू खाली उतरून हातपाय धुतात, कोणी शेजारच्या मळ्यातून गाजरे आणतो. आणि त्याच वेळी पुढच्या स्टेशनावर ध्वनिक्षेपक अत्यंत सुस्वर आवाजात जाहीर करतो की, ही गाडी आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दोन तास उशिराने ‘धावत आहे’. रेल्वेच्या व्याकरणात गाडी कधीही थांबत नाही, ती फक्त कमी वेगाने धावते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरच आहे. सीमारेषा फलाटावरून जाते, म्हणून तेथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. गाडी चारही भाषांत धावतच असते.

लोकांची क्रियापदे पाहा. मराठी मनुष्य गाडीस मुकतो तेव्हा ‘गाडी चुकली’ म्हणतो. मी चुकलो असे तो म्हणत नाही. आपण पावणेसातला घरून निघालो, वाटेत पान खाल्ले, गाडी सातला गेली. चुकली कोण, तर गाडी. तिकडे डब्यात बसलेला मनुष्य जागचा हलत नाही आणि विचारतो, ‘पुणे आले का?’, ‘कर्जत गेले का?’ गावे त्याच्या भेटीस येतात आणि जातात. तो मध्यभागी, शेंगा सोलत. जुन्या मराठीत प्रवाशास ‘उतारू’ म्हणत, म्हणजे हा कधीतरी उतरेल एवढाच त्याच्याविषयी भरवसा. आणि ‘पॅसेंजर’ हा शब्द लोकांनी माणसाकडून काढून घेऊन सर्वांत संथ गाडीस दिला. ‘पॅसेंजरने आलो’ हे वाक्य ऐकून इंग्रजाने काय समजावे ते त्याचे त्याने पाहावे. ‘आगगाडी’तली आग मुंबईत १९२५ सालापासून विझू लागली, जेव्हा व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली; शब्द अजून धगधगतो आहे. सिग्नलचा लोखंडी हात पूर्वी खाली पडे तेव्हा गाडी येई, म्हणून ‘सिग्नल पडला’. आता हात जाऊन दिवे आले, हिरवा दिवा लागतो, आणि फलाटावरची म्हातारी अजून ‘पडला गं बाई सिग्नल’ म्हणून गाठोडे उचलते आणि नेमकी वेळेवर उभी राहते.

लहान स्टेशनावर ती घंटा अजून कोठे कोठे दिसते: छपराच्या लोखंडी कडीला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा आणि शेजारी तारेने अडकवलेली दांडी. पॉइंट्समन येतो, तंबाखू थुंकतो, दांडी काढतो आणि ठोके देतो. मागच्या स्टेशनाने गाडी सोडली, असा त्याचा अर्थ. मग सारे स्टेशन एकमेकांस सांगते, ‘गाडी दिली.’ कोणी दिली, कोणास दिली, हे विचारायचे नसते. दिली, एवढे पुरते. एकदा अशाच एका स्टेशनावर एक धोतरवाले आजोबा मास्तरांच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, “मास्तर, गाडी लेट हाय का?” मास्तर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले असावेत. ते म्हणाले, “आजोबा, निर्धारित वेळेपेक्षा पन्नास मिनिटे विलंबाने धावत आहे.” आजोबांनी मान डोलावली, बाकावर परत येऊन बसले आणि आपल्या सौभाग्यवतीस म्हणाले, “अजून दिली न्हाई.” माझ्या मते आजोबांचे भाषांतर मास्तरांच्या मुळापेक्षा सरस होते.

तरी या सर्व गोष्टींचा विचार करता मेहेरबान रेल्वे खात्यापुढे एकच अर्ज रुजू करतो. प्रत्येक स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत काळ्या अक्षरांत लिहिलेली असते. रुळांच्या चढउताराचा हिशेब ठेवणाऱ्या अभियंत्यांच्या ती उपयोगी पडत असेल, तिजविषयी आमची तक्रार नाही, ती खुशाल राहू द्यावी. परंतु जेथे जेथे ‘रोड’ असे लिहिलेले आहे तेथे त्याच पाटीवर आणखी एक ओळ वाढवावी: मूळ गाव किती किलोमीटर आहे, आणि रात्री अकरानंतर रिक्षा मिळते किंवा नाही. रंगाचा खर्च फार येणार नाही. वाचकांपैकी ज्यांचे गाव अशा ‘रोड’ला लागून आहे, त्यांनी पाहुण्यांना बोलावताना तूर्त ही ओळ पत्रात स्वतःच लिहावी, आणि अंतर ‘ह्ये काय’ या मापात लिहू नये.